घाई हवी की पल्ला?

काय दोस्तांनो, बेगडेवाडी स्टेशन पाहिलंय का? पुणे-लोणावळा लोकलने गेलात तर देहूरोडनंतर येतं, आणि त्याच्या पुढचं घोरावाडी. छोटंसंच स्टेशन. लोकल येते, क्षणभर थांबते, जाते. डेक्कन क्वीन मात्र त्याच रुळांवरून न थांबता धडाडत निघून जाते. फलाटावरून मान वर केलीत, तर घोरावाडीच्या बाजूला घोरावडेश्वराचा डोंगर दिसतो आणि त्याच्यावर बहुधा एखादी घार घिरट्या घालत असते. पंख न हलवता, अगदी आरामात!

आता मला सांगा, या घारीला कसली घाई नाही का? एवढे मोठे पंख असून ती इतकी सावकाश का उडते? आणि पोटात भूक असताना ती जास्तीत जास्त वेळ हवेत राहायचा प्रयत्न करते, की जास्तीत जास्त लांब जायचा?

या दोन गोष्टी एकच नाहीत, बरं का! आणि ज्या माणसाने स्वतःच्या हातांनी विमान बनवलंय, त्याला हा फरक नीट कळला नाही, तर त्याची गाठ थेट रिकाम्या टाकीशी पडते. आज आपण त्याचीच गंमत पाहणार आहोत. थोडं गणित आहे, पण शाळेतलंच आहे. पेन्सिल घेऊन बसा.

गच्चीवरचं विमान

"स्वतःच्या हातांनी विमान? काहीतरीच काय!" असं म्हणालात ना? मग ऐका. मुंबईत कांदिवलीला राहणारे कॅप्टन अमोल यादव तेव्हा जेट एअरवेजमध्ये वैमानिक होते. नोकरी सांभाळून त्यांनी आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं. हो, गच्चीवर! ते सुटं करून खाली उतरवलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत भरलेल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांना दाखवलं. पुढे २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली, २०१९ मध्ये उड्डाण-चाचणीची परवानगी मिळाली आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते हवेत उडालं. विमान बांधणं जेवढं कठीण, तेवढाच धीर धरणंही कठीण, हे या तारखांवरूनच कळतं.

परदेशात तर अशी घरगुती विमानं हजारोंनी आहेत. अमेरिकेतल्या रिचर्ड व्हॅनग्रन्सवेन यांच्या 'आरव्ही' जातीची विमानंच दहा हजारांहून जास्त उडाली आहेत. बहुतेक लोकांनी आपापल्या हातांनी पत्रे कापून, रिव्हेट ठोकून बनवलेली.

कारखान्यातून आलेल्या विमानाबरोबर जाडजूड पुस्तक येतं. कोणत्या वेगाला किती इंधन लागेल, टाकी भरली की किती लांब जाता येईल, सगळं त्यात छापलेलं असतं. घरी बनवलेल्या विमानाचं पुस्तक कोण लिहिणार? ज्याने बनवलं त्यानेच! सराव म्हणून आपणही असं एक पुस्तक लिहून बघू.

दोन सावकार

विमान हवेतून पुढे जाताना हवा त्याला मागे ओढते. या ओढीला इंग्रजीत ड्रॅग म्हणतात. ही ओढ दोन प्रकारची असते. आपण त्यांना दोन सावकार म्हणू, कारण दोघंही इंधन वसूल करतात.

पहिला सावकार तुमच्या ओळखीचा आहे. सायकलवरून उतारावर जोरात जाताना हवा छातीवर आदळते ना, तोच. वेग दुप्पट केलात तर हा चौपट मागतो. तिप्पट केलात तर नऊपट! म्हणजे वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने.

दुसरा सावकार जमिनीवर भेटत नाही. तो फक्त उडणाऱ्यांनाच गाठतो. विमानाचे पंख हवा खाली ढकलतात, म्हणून विमान वर तरंगतं. वेगात असताना भरपूर हवा पंखाखालून जाते, ती थोडीथोडी ढकलली तरी भागतं. पण वेग कमी झाला की तेवढ्याच वेळात कमी हवा हाताशी येते, मग तिला जास्त जोराने ढकलावं लागतं. त्यासाठी वैमानिक विमानाचं नाक वर उचलतो आणि विमान जरा तिरपं, रेटत रेटत चालतं. हे तरंगत राहण्याचं भाडं! गंमत अशी, की वेग वाढला की हे भाडं कमी होतं. वेग दुप्पट, तर भाडं पाव.

एक सावकार म्हणतो, "हळू जा." दुसरा म्हणतो, "जोरात जा." मध्ये कुठेतरी असा एक वेग असतो, की जिथे दोघांची मिळून मागणी सगळ्यांत कमी असते. आणि या वेगाला दोघांची मागणी अगदी सारखी असते. निम्मी याची, निम्मी त्याची.

आमचं कागदी विमान

आता समजा, आपण दोन आसनांचं एक विमान बांधलंय. हे विमान फक्त या पानावर उडणार आहे, त्यामुळे आकडेही मनातलेच. आपण चाचण्या घेतल्या आणि सापडलं, की ताशी १६० किलोमीटरला ओढ सगळ्यांत कमी आहे. त्या वेगाला तासाला १२ लिटर इंधन लागतं. म्हणजे लिटरमागे १३.३ किलोमीटर. टाकी ८० लिटरची.

या वेळची ओढ १०० धरू: पहिल्या सावकाराची ५० आणि दुसऱ्याची ५०.

आता वेग वाढवून २१० करू. २१० म्हणजे १६० च्या साधारण १.३२ पट. त्याचा वर्ग जवळजवळ १.७३. म्हणून पहिला सावकार मागणार ५० गुणिले १.७३, म्हणजे ८७. दुसरा मागणार ५० भागिले १.७३, म्हणजे २९. बेरीज ११६.

पाहिलंत? वेग ३२ टक्के वाढला आणि ओढ वाढली फक्त १६ टक्के!

आता आणखी जोर लावू. ताशी २६०. म्हणजे १.६२५ पट, वर्ग २.६४. पहिला सावकार १३२, दुसरा १९. बेरीज १५१. अरेच्चा! आता मात्र पहिल्या सावकाराने पाय पसरले.

नववीच्या पुस्तकात तुम्ही शिकता, की कार्य म्हणजे बल गुणिले अंतर. म्हणून एक किलोमीटर जायला किती इंधन लागेल, हे ओढीवर ठरतं. ओढ १६ टक्के जास्त, तर प्रत्येक किलोमीटरला इंधन १६ टक्के जास्त. (इंजिन सगळ्या वेगांना सारख्याच काटकसरीने चालतं, असं इथे आपण धरून चाललोय. प्रत्यक्षात थोडा फरक पडतो.)

आता मुंबईहून नागपूरला जाऊ. हवेतून सरळ रेघ मारली तर अंतर साधारण ७०० किलोमीटर. वर चढायला लागणारं जादा इंधन सध्या सोडून देऊ.

ताशी १६० ने गेलो: वेळ ४ तास २२ मिनिटं, इंधन साडेबावन्न लिटर.

ताशी २१० ने गेलो: वेळ ३ तास २० मिनिटं, इंधन ६१ लिटर.

ताशी २६० ने गेलो: वेळ २ तास ४२ मिनिटं, इंधन ७९ लिटर.

हे तीन आकडे नीट बघा. १६० वरून २१० वर आलो, तेव्हा तासापेक्षा जास्त वेळ वाचला आणि खर्च झाले साडेआठ लिटर. २१० वरून २६० वर गेलो, तेव्हा वाचली जेमतेम ३८ मिनिटं आणि गेले १८ लिटर! पहिल्यांदा केलेला सौदा फायद्याचा, दुसऱ्यांदा केलेला महागडा.

आणि शेवटचा आकडा पुन्हा वाचा. टाकी ८० लिटरची, खर्च ७९. नागपूरच्या धावपट्टीवर समजा दुसरं विमान उभं असलं आणि "जरा थांबा" असं सांगितलं, तर? एका लिटरवर आपलं विमान त्या वेगाने फक्त दोन मिनिटं उडेल. रस्त्यात स्कूटरचं पेट्रोल संपलं तर आपण ती ढकलत पंपापर्यंत नेतो. आकाशात ढकलायला कोण येणार? म्हणून निघतानाच निदान अर्ध्या तासाचं इंधन बाजूला राखून ठेवायचं, आणि ते टाकीत नाहीच असं समजून हिशेब करायचा. या नियमाने पाहिलं, तर २६० चा वेग बादच. २१० ने गेलात, तर नागपूरला टाकीत १९ लिटर उरतात. म्हणजे तासाभराहून जास्त उड्डाणाचं.

प्राध्यापकांचं गुपित

मी २१० हाच आकडा का निवडला, सांगू? अमेरिकेच्या नौदल अकादमीत बर्नार्ड कार्सन नावाचे प्राध्यापक होते. १९८० च्या सुमारास त्यांनी हाच प्रश्न मांडला: वेगही हवा आणि काटकसरही, तर कोणता वेग धरावा? त्यांचं उत्तर फार सुटसुटीत आहे. सर्वांत कमी ओढीचा वेग शोधा आणि त्याला १.३२ ने गुणा. ३ चं वर्गमूळ काढा, आलेल्या उत्तराचं पुन्हा वर्गमूळ काढा, आला की नाही हाच आकडा? घरी विमानं बनवणारे लोक या वेगाला आजही 'कार्सनचा वेग' म्हणतात.

आता गंमत पुढे. १६० ला १.३२ ने गुणण्याऐवजी भागलं, तर ताशी १२२ च्या आसपास येतं. या वेगाला तासाला लागणारं इंधन सर्वांत कमी, साडेदहा लिटर. किलोमीटरच्या हिशेबात हा वेग तोट्याचा, कारण तासाभरात आपण फारसं पुढेच जात नाही. पण नागपूरवर घिरट्या घालत थांबायचं असेल, तर हाच वेग उत्तम!

म्हणजे एका विमानाला तीन शहाणे वेग असतात. थांबायचं असेल तर १२२. लांब जायचं असेल तर १६०. लवकर आणि तरी काटकसरीने जायचं असेल तर २१०. घोरावडेश्वरावरची घार आठवते? खालून गरम हवा वर येते तिथे ती अगदी सावकाश चकरा मारते, म्हणजे "थांबण्याचा" वेग धरते. तिथून दुसऱ्या डोंगराकडे निघाली, की पंख जरा आवळते आणि वेग वाढवते. जवळच कामशेतला पॅराग्लायडर उडवणारे लोकही हेच करतात. घारीला वर्गमूळ कुणी शिकवलं, देव जाणे!

समोरचा वारा

आता परतीचा प्रवास. नागपूरहून मुंबईला निघालोय आणि पश्चिमेचा वारा समोरून ताशी ४० किलोमीटरने येतोय. विमानाचा हवेतला वेग १६०, पण जमिनीवरून पाहिलं तर आपण फक्त १२० ने सरकतोय. ७०० किलोमीटरला लागले ५ तास ५० मिनिटं आणि इंधन ७० लिटर.

तुम्ही म्हणाल, वारा समोरून आहे, इंधन जपायचंय, मग हळूच जाऊ या. थांबा! ताशी १८० ने जाऊन बघू. या वेगाला तासाला साधारण १३.९ लिटर लागतात. जमिनीवरचा वेग १४०. वेळ बरोबर ५ तास. इंधन साडेएकोणसत्तर लिटर. म्हणजे ५० मिनिटं आधी पोचलो आणि इंधनही अर्धा लिटर कमीच लागलं! समोरचा वारा असला की जरा जोर लावणं हीच काटकसर. कारण हळू गेलात, तर वारा तुम्हाला जास्त वेळ मागे ढकलत राहतो. मागून वारा असेल तर उलट. मग थोडं हळू जाऊन वाऱ्याला फुकट काम करू द्यायचं.

पण हा जोरही बेतानेच. याच वाऱ्यात २१० ने निघालात, तर ७५ लिटर जातात आणि उरतात पाच. अर्ध्या तासाला नऊ हवेत. मग काय करायचं? सोपं आहे. वाटेत छत्रपती संभाजीनगरला उतरायचं, टाकी भरायची आणि चहा पिऊन पुढे निघायचं. जो वैमानिक हे उड्डाणाच्या आधी कागदावर ठरवतो, तो हुशार. जो हवेत गेल्यावर इंधनाच्या काट्याकडे बघत "पोचेल बहुतेक" म्हणतो, त्याच्या विमानात तुम्ही बसू नका.

नऊ दिवस आणि ४८ किलो

हे सगळं पाच-दहा लिटरचं किरकोळ गणित वाटत असेल, तर आता व्हॉयेजरची गोष्ट ऐका.

बर्ट रुटान नावाच्या अमेरिकन माणसाने एक विचित्र विमान आखलं. पंख जवळजवळ ३४ मीटर लांब, सारखे लवलवणारे. अंग कागदासारखं हलकं. मोहावीच्या वाळवंटात थोड्या लोकांनी मिळून, सरकारी पैसा न घेता ते बांधलं. पंखांत आणि अंगात मिळून इंधनाच्या १७ टाक्या! निघताना विमानाचं वजन सुमारे ४४०० किलो होतं आणि त्यातलं ३१८० किलो नुसतं इंधन. चार भागांतले जवळजवळ तीन भाग इंधनच म्हणा ना.

१४ डिसेंबर १९८६ रोजी बर्टचा भाऊ डिक रुटान आणि जीना येगर ते घेऊन निघाले. कुठेही न उतरता, वाटेत इंधन न भरता पृथ्वीला फेरी मारायची होती. तोवर हे कुणालाही जमलं नव्हतं.

इंधनाने पंख इतके जड झाले होते, की धावताना त्यांची टोकं जमिनीवर घासली. कशीबशी धावपट्टी संपता संपता विमान उचललं गेलं.

आता आपलं गणित आठवा. विमान जड असेल, तर तरंगण्याचं भाडं जास्त. म्हणून सुरुवातीला त्यांना जास्त वेगाने जाणं भाग होतं आणि त्यासाठी दोन्ही इंजिनं लागत होती. जसजसं इंधन जळलं, तसतसं विमान हलकं झालं आणि सर्वांत कमी ओढीचा वेगही खाली आला. शेवटी विमान साडेतीनपट हलकं झालं होतं. साडेतीनचं वर्गमूळ काढा, म्हणजे कळेल की शेवटचा योग्य वेग पहिल्याच्या निम्म्याहून थोडाच जास्त असणार. पुढचं इंजिन बंद करून बहुतेक वाट त्यांनी मागच्या एकट्या इंजिनावर कापली. त्या खुराड्याएवढ्या जागेत दोघांना नऊ दिवस काढायचे होते! घरी लवकर पोचावं असं त्यांना वाटलं नसेल? पण अधीर होऊन वेग वाढवला असता, तर घर गाठताच आलं नसतं.

शेवटच्या दिवशी तर मागच्या इंजिनापर्यंत इंधनच पोचेना आणि ते बंद पडलं. विमान खाली येऊ लागलं. त्यांनी पुढचं इंजिन सुरू केलं आणि २३ डिसेंबरला ते सुखरूप उतरले. ९ दिवस ३ मिनिटं ४४ सेकंद. अंतर ४० हजार किलोमीटरहून जास्त. सरासरी वेग ताशी १८६ किलोमीटर. टाक्यांत उरलेलं इंधन मोजलं, तर ते भरलं ४८ किलो! ३१८० किलोतले ४८. शंभरातले दीड.

आता तुमची पाळी

तुमच्याकडे विमान नसेल, पण सायकल असेलच. बेगडेवाडीपासून लोणावळा साधारण पस्तीस किलोमीटर. पहिल्या पाच किलोमीटरांत जीव खाऊन पेडल मारणारा पोरगा कामशेतच्या आसपास जिभेला कोरड पडून बसलेला सापडतो. आणि एका लयीत चालवणारा त्याला हात हलवत पुढे जातो. तुमच्या पोटातला नाश्ता ही तुमची टाकी. समोरून वारा असेल तर मान खाली घाला, म्हणजे पहिला सावकार जरा कमी मागेल. (दुसरा सावकार सायकलला नाही, ही मात्र तुमची चैन!)

आणखी एक सवय लावून घ्या. गाडी असो, स्कूटर असो की विमान, जाहिरातीत "वेग अमुक, एका टाकीत अंतर तमुक" असे दोन आकडे शेजारी छापलेले दिसले, की लगेच विचारा: "हे दोन्ही एकाच वेळी मिळतात का?" बहुतेक वेळा मिळत नाहीत. एक आकडा घाईतला असतो, दुसरा सबुरीचा.

या वेळचं कोडं: आपलं तेच विमान, टाकी ८० लिटर, मुंबई ते नागपूर ७०० किलोमीटर. या वेळी ताशी ४० किलोमीटरचा वारा मागून आहे. ताशी २६० ने गेलो आणि त्या वेगाला तासाला २९.४ लिटर लागले, तर नागपूरला पोचल्यावर त्याच वेगाने अर्धा तास उडण्याइतकं इंधन उरेल का? आधी स्वतः सोडवा, मगच खालचं उत्तर वाचा. मध्येच डोकवायचं नाही हं!

उत्तर: जमिनीवरचा वेग ३००, वेळ २ तास २० मिनिटं, इंधन ६८.६ लिटर. उरले ११.४. अर्ध्या तासाला १४.७ हवेत. म्हणजे वारा पाठीशी असूनही जमत नाही. मुकाट्याने २१० धरा!